बाबांच्या हाती वल्हं : अल्गाँक्विनमधले चार दिवस

पहिला दिवस, सोमवार

निघायच्या आदल्या रात्री बाबांच्या पिशवीतली सुक्या बांगड्यांची पुडी काढून मी घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली. मिसिसागातल्या श्रीलंकन दुकानातून त्यांनी ती मोठ्या हौसेने आणली होती. तळ्याकाठी तंबू, गरम भात आणि निखाऱ्यावर भाजलेला बांगडा, एवढाच त्यांचा बेत होता. पण आम्ही चाललो होतो अल्गाँक्विनला, कॅनडातल्या ओंटारियो प्रांताच्या उद्यानात, आणि तिथल्या रानात काळी अस्वलं आहेत. भाजलेल्या बांगड्याचा वास किती लांब जातो हे देवबागच्या माणसाला मी काय सांगणार? "बरा," म्हणाले, "मग कुळथाचा पीठ तरी घे." ते घेतलं.

बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. मालवणच्या दक्षिणेला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी अशी जी चिंचोळी पट्टी आहे, तिथे ते वाढले. सतराव्या वर्षी मुंबईला आले, गोदीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत लोकांची जहाजं बघत राहिले. आजोबांची होडी माझ्या जन्माआधीच विकली गेली होती, त्यामुळे बाबांच्या हातात वल्हं मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या खाडीच्या गोष्टी मात्र इतक्या ऐकल्या आहेत की भरती-ओहोटीच्या वेळा मला तोंडपाठ असाव्यात. आमच्याकडे कॅनडात ते मेच्या सुरुवातीला आले आणि दोन आठवड्यांत कंटाळले. दूध आणायलासुद्धा गाडी लागते अशा उपनगरात चालत्याफिरत्या माणसाने करायचं काय? फ्रीजवरच्या कॅलेंडरवर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातल्या परतीच्या तारखेभोवती त्यांनी पेनाने गोल केला होता. रोज सकाळी चहा घेताना तिकडे बघायचे. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून हे चार दिवस. तशी जागा मी जानेवारीतच धरून ठेवली होती, कारण इथल्या प्रांतिक उद्यानांत तंबूच्या जागा पाच महिने आधी खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या चांगल्या जागा बघता बघता जातात. आम्ही मुद्दाम जूनचा तिसरा आठवडा आणि आडवार निवडले. शाळा अजून सुरू असतात, गर्दी नसते. डास असतात, ते सोसायचे.

टोरोंटोच्या बाजूने निघालं की हंट्सव्हिल गावापर्यंत रस्ता सरळ उत्तरेला जातो. तिथून साठ नंबरचा महामार्ग घ्यायचा, की पश्चिमेचं फाटक येतं. फाटकापासून पूर्वेच्या टोकापर्यंत ५६ किलोमीटरचा रस्ता उद्यानातून जातो आणि इथे सगळे पत्ते त्या किलोमीटरच्या खांबांवरून सांगतात. हे ओंटारियोतलं सगळ्यात जुनं प्रांतिक उद्यान, १८९३ सालचं. क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आमचा अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा आत बसून वर जागा उरेल. तळी दोन हजारांहून जास्त. नाव आहे ते इथल्या मूळच्या अल्गाँक्विन लोकांवरून. उद्यान केलं तेव्हा मुख्य काळजी होती इथे उगम पावणाऱ्या नद्यांची, शेतीसाठी रान साफ होत गेलं तर त्यांचं काय होईल याची. झाडतोड थांबवायचा विचार तेव्हाही नव्हता आणि उद्यानाच्या बऱ्याच भागात ती आजही चालते. बाबांना हे पटलं नाही. मलाही पटत नाही, पण रस्त्यावरून किंवा होडीतून ती दिसत नाही हेही खरं.

चाळिसाव्या किलोमीटरजवळ डावी-उजवीकडे बघत आम्ही रॉक लेकचा फाटा पकडला. पुढे आठ किलोमीटर खडीचा रस्ता. तंबू ठोकेपर्यंत पाच वाजले. भाड्याची सतरा फुटी कॅनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, गाडीच्या टपावरून उतरवली. ही केव्हलार नावाच्या हलक्या, मजबूत धाग्याची, वजन वीसेक किलो. लाइफ जॅकेट प्रत्येकी एक, शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि पंधरा मीटरचा तरंगता दोर, हे सगळं कायद्याने जवळ हवंच. जेवून निघालो तेव्हा साडेसात झाले होते आणि सूर्य चांगला हातभर वर होता. इथे जूनमध्ये नऊ वाजल्यानंतर मावळतो.

मी पुढे नाळेशी, नवरा मागे सुकाणूला, बाबा मध्ये पाहुण्यासारखे. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. काठच्या रानातली पानं, साली, शेवाळ कुजून त्यांचा अर्क पाण्यात उतरतो त्याने हा रंग येतो. ओंजळीत घेतलं तर निवळशंख. आमची होडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी चालली होती. नवऱ्याने दोन वर्षं शिकून घेतलंय खरं, पण वल्हं पाण्यात आपटायची त्याची सवय जात नाही. माझीही. बाबा अर्धा तास काही बोलले नाहीत. मग मागे न बघता म्हणाले, "पाण्याक मारू नको गो. पाणी कापूचा नसता, मागे ढकलूचा असता."

तेवढ्यात लून पक्षी ओरडला. ज्यांनी हा आवाज ऐकलेला नाही त्यांना तो कसा सांगू? दूरवरून कोणीतरी एकट्याने लांब हाक द्यावी, मध्येच सूर वर चढावा आणि हळूच खाली यावा, तसा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला लांडगा वाटतो. या पक्ष्याचे चार तऱ्हेचे आवाज आहेत. ही लांब हाक जोडीदाराला "कुठे आहेस" विचारायची. घाबरला की थरथरत्या हसण्यासारखा आवाज काढतो. तिसरा, चढत्या सुरात घुमणारा, फक्त नर काढतो, आपली हद्द सांगायला. आणि चौथा घरातल्या घरात बोलल्यासारखा, हलका. इथल्या एका डॉलरच्या नाण्यावर १९८७ पासून हाच पक्षी आहे, म्हणून नाण्यालाही लोक लूनी म्हणतात. बाबांनी खिशातून नाणं काढून संध्याकाळच्या उजेडात नीट बघितलं. रोज हाताळतात, पण बघितलं तेव्हाच.

रात्री खाण्याचं सगळं सामान, टूथपेस्ट, साबण गाडीत बंद केलं. तंबूत शिरल्यावर मला खोबरेल तेलाचा वास आला. बाबांची बाटली उशाशी होती. तीही गाडीत नेऊन ठेवली. ज्याला वास आहे ते तंबूत नको, हा इथला पहिला नियम आहे आणि तो माणसासाठी जितका, तितकाच अस्वलासाठी आहे. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं.

दुसरा दिवस, मंगळवार

सकाळी सहाला पाण्यावर वाफ होती. नवरा कॅनू धरून उभा होता. बाबा त्याला म्हणाले, "तुमी मधी बसा. माका मागे बसूक दी."

मी घाबरले. बहात्तरी, गुडघेदुखी, आणि पंचावन्न वर्षांत वल्हं हातात नाही. पण त्यांनी ज्या तऱ्हेने कॅनूत पाय ठेवला, मधोमध, वाकून, दोन्ही कडांवर हात, ते बघून मी काही बोलले नाही. होडी हललीसुद्धा नाही.

नंतरचं मला सविस्तर लिहायचंय, कारण मी ते मान वळवून वळवून बघितलं. मागे बसणाऱ्याने एकाच बाजूने वल्हवलं की होडी दुसऱ्या बाजूला वळते. म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्ह्याचं पातं बाहेरच्या अंगाला वळवून पाण्याला हलका धक्का द्यायचा. इथे हे शिकवायला वर्ग असतात. बाबांचा अंगठा फटका संपताना आपोआप खाली वळत होता. आणि त्यांचं वल्हं पाण्याबाहेर येतच नव्हतं. फटका संपला की पातं उभं करायचं, सुरीसारखं पाण्यातूनच पुढे सरकवायचं आणि पुन्हा आडवं करून ओढायचं. थेंब पडायचा आवाज नाही, पाणी कापल्याचा आवाज नाही. मी विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाले, रात्री खाडीत मासे बिचकू नयेत म्हणून आजोबा असंच वल्हवायचे. इथल्या मूळच्या लोकांची शिकारीला जाताना वल्हवायची रीतही हीच, हे मला माहीत होतं. सांगितल्यावर बाबांनी नुसती मान डोलावली. त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

होडी रेघ ओढल्यासारखी सरळ चालली. मी तर मधून मधून वल्हं मांडीवर ठेवून नुसती बसत होते.

एका छोट्या बेटाच्या कडेला पाण्यापासून वीतभर अंतरावर कुजक्या गवताचा ढीग होता आणि त्यावर लून बसलेली. पाय शरीराच्या पार मागे असल्याने या पक्ष्याला जमिनीवर धड चालता येत नाही. म्हणून घरटं पाण्याला लागूनच, घसरून सरळ पाण्यात जाता येईल असं. पाणी थोडं जरी चढलं किंवा मोठी लाट आली तरी अंडी जातात. काळ्या पाठीवर पांढऱ्या चौकटी, गळ्यात उभ्या रेघांचा पट्टा आणि डोळा लालभडक, डाळिंबाच्या दाण्यासारखा. आम्ही शंभरेक फुटांवर असू. मी फोन काढला. तोच तिने मान लांब करून पाण्याच्या दिशेने खाली टाकली आणि तशीच राहिली, जणू मान मोडलीय. मी ते बघतच बसले असते. "माघारी," बाबा म्हणाले, "तिका उठवू नको. अंड्यार बसलीहा, आणि भियाली हा." त्यांनी दोन उलटे फटके मारले, होडी मागे गेली. ऐंशी-नव्वद फूट अजून मागे गेल्यावर तिने मान वर घेतली. मान खाली टाकणं म्हणजे "आता मी घरटं सोडून जाईन" अशी शेवटची सूचना असते, हे मी नंतर उद्यानाच्या माहिती केंद्रातल्या फलकावर वाचलं. बाबांनी लून आयुष्यात कालच पहिल्यांदा ऐकला होता.

रॉक लेकच्या दक्षिण टोकाला पेन लेककडे जायची वाट आहे. तळ्यातून तळ्यात जाताना होडी खांद्यावर घेऊन चालायचं, त्याला इथे पोर्टेज म्हणतात. झाडावरच्या पिवळ्या पाटीवर अंतर लिहिलेलं असतं. ही वाट पावणेचारशे मीटरची, धबधब्याच्या कडेकडेने. नवऱ्याने कॅनू उलटी करून मधलं लाकडी जू मानेवर घेतलं. ते जूच आहे, बैलाच्या मानेवरचं असतं तसं, खाच पाडलेलं. बाबांनी वल्ही घेतली, मी पिशव्या. डासांनी मात्र इथे गाठलं. उघड्या पाण्यावर वाऱ्याने ते टिकत नाहीत, रानात शिरलं की कानाभोवती गुणगुण सुरू. आम्ही डोक्यावरून जाळ्या घेतल्या आणि न थांबता पलीकडे पोचलो.

पेन लेकवर आमच्याशिवाय माणूस नव्हता. सकाळचे साडेनऊ. पाइनची उंच झाडं, वाऱ्याने एका बाजूला झुकलेली, आणि त्यांच्या सावल्या पाण्यात इतक्या स्पष्ट की काठ कुठे संपतो ते कळू नये. मला खरं तर मूस, म्हणजे इथलं सगळ्यात मोठं हरीण, बघायचा होता. बाबांना मूस दाखवायचा, हे मी महिनाभर मनात धरलं होतं. म्हणून मी सारखी काठावरच्या दलदलीत डोळे ताणत होते आणि भराभर वल्हवत होते. "घाई कित्याक?" बाबा म्हणाले. आम्ही एका खडकाआड होडी लावली, पाण्यातच, कोणी उतरलं नाही. पंधरा-वीस मिनिटं नुसते बसलो.

"थयसर बघ."

"खय?"

"पडलेल्या झाडाकडे. बुडबुडे."

मला काहीच दिसेना. मग पाण्यातून एक गोल, चपटं, ओलं डोकं वर आलं, मिशा सरळ बाहेर. दुसरं आलं. तिसरं. पहिल्याच्या तोंडात आडवा मासा. ते पडलेल्या झाडाच्या बुंध्यावर चढलं, पुढच्या दोन पायांत मासा धरून डोक्याकडून कराकरा चावायला लागलं. तो आवाज आमच्यापर्यंत येत होता, भाजलेला पापड मोडल्यासारखा. नवरा फोनमधल्या ॲपवर शोधू लागला. बाबा कुजबुजले, "हूद!"

आमच्याकडे पाणमांजराला हूद म्हणतात. कर्लीच्या खाडीत लहानपणी ते रोज बघायचे, जाळ्यातले मासे पळवतो म्हणून शिव्याही द्यायचे. इथला हूद वेगळ्या जातीचा आहे, तिथला वेगळ्या. पण बुंध्यावर अंग घासायची तऱ्हा, फुस्स करून नाकातलं पाणी उडवणं, एकमेकांच्या शेपटीवरून उड्या, सगळं तेच, बाबांनी आधीच सांगून टाकलं आणि एकेक गोष्ट तशीच घडत गेली. "आता एकटो आमका बघूक उभो रवतलो," म्हणाले. एक खरंच पाण्यात उभा राहिला, मान लांब करून आमच्याकडे बघत, नाक फेंदारून. मग तिघेही बुडाले आणि बरेच पुढे, तळ्याच्या मध्यावर निघाले. बाबांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं. पुढे काय लिहू?

परतताना दुपारी दक्षिणेचा वारा उठला. रॉक लेक उत्तर-दक्षिण लांबट आहे, वाऱ्याला मोकळं रान मिळतं. लाटा पाठीमागून येत होत्या आणि हेच जास्त वाईट. लाट मागचं टोक उचलते, होडी आडवी फिरायला बघते, आणि आडवी झाली की पुढच्या लाटेने उलटते. एकदा तसं होता होता राहिलं. माझ्या मांडीवर पाणी आलं आणि पोटात गोळा. बाबांनी वल्हं मागे सुकाणूसारखं रुतवून धरलं, होडी सरळ केली आणि पहिल्याच खडकाळ काठाला लावली. "हयसर बसया," एवढंच म्हणाले. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. नवऱ्याला वाटत होतं, तासाभराचं तर अंतर आहे, जाऊ हळूहळू काठाने. बाबा हलले नाहीत. आम्ही तीन तास त्या खडकावर होतो. सहाच्या पुढे वारा पडला, पाणी पुन्हा आरशासारखं झालं, आणि मुक्कामी पोचलो तेव्हा कुळथाची पिठी आणि भात यांच्याइतकं चांगलं जेवण जगात नसेल असं वाटलं.

तिसरा दिवस, बुधवार

साडेचारला उठलो. टपावर कॅनू बांधून ओपिओंगोच्या रस्त्याला लागलो. ओपिओंगो हे उद्यानातलं सगळ्यात मोठं तळं, पण आम्हाला तळ्यावर जायचं नव्हतं. त्याच्या दक्षिण टोकाला कॉस्टेलो क्रीक नावाचा ओढा येऊन मिळतो. ओढा म्हणजे वाहतं पाणी दिसत नाही इतका संथ, दोन्ही बाजूंनी दलदल, कमरेइतकी झुडपं आणि मागे काळपट स्प्रूस झाडांची रांग. मूस बघायचा तर इथे, असं सगळे सांगतात.

सुरुवातीला धुकं इतकं दाट होतं की पुढे बसलेल्या मला दहा फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. बाबा मागे. आज कोणी काही बोलायचं नाही असं न ठरवताच ठरलं. एका वळणावर बीव्हरने, झाडं कुरतडणाऱ्या पाणप्राण्याने, बांधलेला काटक्यांचा बांध लागला, फूटभर उंचीचा. उतरून होडी वरून ओढून घेतली. बांध रचताना कापलेल्या फांद्यांवर दातांच्या खुणा इतक्या सारख्या होत्या की पटाशीने तासल्यासारख्या. थोडं पुढे गेलो आणि उजवीकडे बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. बीव्हरने शेपटी पाण्यावर आपटली होती, आपल्या लोकांना सावध करायला. म्हणजे त्याने आम्हाला ओळखलं. मला वाटलं, झालं, आता कसला मूस.

बाबांनी वल्हं थांबवलं. एक बोट ओलं करून वर धरलं. "वारो तिकडसून आमच्याकडे येता. चल."

पुढच्या वळणाआधीच आवाज आला. पाणी ओतल्याचा. घागर उपडी केल्यासारखा, आणि मग चघळण्याचा. होडी आपल्या वेगाने अर्ध्या वळणापर्यंत गेली आणि बाबांनी ती झुडपाला टेकवून धरली.

मादी होती. पोटापर्यंत पाण्यात उभी, आमच्यापासून पन्नास-साठ मीटरवर. घोड्याहून उंच, रंग ओल्या मातीचा, खांद्यावर मदार, नाक लांबोळकं आणि खाली झुकलेलं. तिने डोकं पाण्यात घातलं, कानांपर्यंत, आणि ते आतच ठेवलं. मी मनात आकडे मोजले. अठराला डोकं वर आलं. कानांतून, हनुवटीखालच्या लोंबत्या कातड्यातून, तोंडातून लटकलेल्या कमळासारख्या वेलींतून पाणी धो धो गळत होतं. ती चघळत राहिली, कान मात्र एक पुढे, एक मागे, स्वतंत्र फिरत होते. मूसची नजर यथातथा, कान आणि नाक मात्र तल्लख. वारा तिच्याकडून आमच्याकडे येत नसता तर ती केव्हाच निघून गेली असती.

या पाणवनस्पतींत मीठ असतं, जमिनीवरच्या झाडपाल्यापेक्षा कितीतरी जास्त. हिवाळाभर फांद्या आणि साल खाऊन काढलेल्या या जनावराला जूनमध्ये मिठाची अशी भूक लागते की ते तासन् तास पाण्यात उभं राहतं. वसंताच्या सुरुवातीला, पाणवनस्पती उगवायच्या आधी, हेच मूस महामार्गाच्या कडेच्या गटारांत पाणी पिताना दिसतात, कारण बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ तिथे जमतं. आणि तिथेच गाड्यांखाली येतात.

वीस मिनिटं झाली असतील. मागच्या झुडपांत काहीतरी हललं आणि तांबूस रंगाचं, नुसते पायच पाय असलेलं पिल्लू बाहेर आलं. महिन्याभराचं असेल. ते पाण्याच्या कडेला थांबलं, एक पाय घातला, काढला, पुन्हा घातला. आईने डोकं वर केलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा पाण्यात घातलं. नवऱ्याने फोन हातात घेतला होता, तो त्याने तसाच मांडीवर पालथा ठेवला. पिल्लू बरोबर असलेली मूस फार धोक्याची असते, आणि आमची होडी तिच्या आणि काठाच्या मध्ये यायला नको होती. बाबांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून झुडूप सोडलं आणि होडी मागच्या मागे, आवाज न करता, वळणाआड नेली. शेवटचं दिसलं ते पिल्लू, पोटापर्यंत पाण्यात.

नऊनंतर पाऊस आला तो दिवसभर. चाळीस ते पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात उद्यानाचं माहिती केंद्र आहे, १९९३ साली शताब्दीच्या वर्षी उघडलेलं. दुपार तिथे काढली. पाऊस थोडा उणावल्यावर स्प्रूसच्या दलदलीवरून बांधलेल्या लाकडी वाटेवर चक्कर मारली. तिथे वाकून बघा असं मी कोणालाही सांगेन. शेवाळात नखाएवढी लाल पानं आणि त्यावर चिकट थेंब, म्हणजे आपला कास पठारावरचा दवबिंदूच, त्याच कुळातला, कीटक खाणारा. बाजूला घटपर्णी, पावसाच्या पाण्याने भरलेली, आत बुडालेली माशी. दलदलीच्या मातीत नायट्रोजन फार कमी मिळतो म्हणून ही झाडं तो असा मिळवतात. कासच्या सड्यावरही तेच कारण.

चौथा दिवस, गुरुवार

सकाळी नवरा एकटा बूथ्स रॉकच्या कड्यावर जाऊन आला. पाच किलोमीटरची वाट आहे, वरून रॉक लेक अख्खं दिसतं. परतीची वाट बूथ नावाच्या लाकूड-व्यापाऱ्याने १८९० च्या दशकात रानातून नेलेल्या रेल्वेच्या जुन्या मार्गावरून येते. बाबांच्या गुडघ्याला चढ झेपला नसता. ते आणि मी तेवढ्या वेळात होडी धुऊन, पुसून, बांधून मोकळे झालो.

निघालो आणि खडीच्या रस्त्यावर दोन किलोमीटरही गेलो नसू, कडेला काहीतरी परातीएवढं काळं दिसलं. बाबा ओरडले, "थांबव!"

कासव. इथे स्नॅपिंग टर्टल म्हणतात ते, शेपटीवर मगरीसारखे दाते, पाठ शेवाळलेली. तोंडाजवळ गेलं तर जबर चावेल, म्हणून आम्ही मागच्या बाजूला, लांब उभे राहिलो. गाडीचे इशाऱ्याचे दिवे लावले. तिने खडीत मागच्या पायांनी खड्डा केला होता आणि अंडी घालत होती. पिंगपाँगच्या चेंडूसारखी, पांढरी, ओली. अंडं बाहेर आलं की एक मागचा पाय पंजा पसरून त्याला झेलायचा, हळूच खाली सोडायचा, आणि मातीत किंचित दाबायचा. पुढच्याला दुसरा पाय. डावा, उजवा, डावा, उजवा. तोंड दुसरीकडे, डोळे स्थिर, आणि मागे हे काम चाललेलं. मी सत्तावीस मोजली, आम्ही यायच्या आधीची वेगळी.

आमच्या किनाऱ्यावर कासवं रात्री येतात. बाबांच्या लहानपणी लोक अंडी काढून न्यायचे, खायचे. ते त्यांनी तिथे उभं राहून सांगितलं आणि गप्प झाले. मग मी सांगितलं की या उद्यानात १९७२ पासून कासवांचा अभ्यास चालू आहे, की इतक्या उत्तरेला मादी वयात यायलाच सतरा-अठरा वर्षं लागतात, की कोल्हे आणि रॅकून बहुतेक घरटी पहिल्या एक-दोन रात्रींतच उकरतात, आणि म्हणून एक वयस्क मादी गाडीखाली गेली तर तिची जागा भरून यायला कित्येक वर्षं जातात. बाबांनी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभं राहायला सुरुवात केली. दोन गाड्या आल्या. दोन्ही त्यांनी हात दाखवून थांबवल्या. दुसऱ्या गाडीतल्या बाई खाली उतरून आमच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

पाऊण तास लागला. तिने खड्डा बुजवला, खडी ओढून घेतली, वरून पोट घासून जागा सपाट केली. मग वळून, दर चार पावलांनी थांबत, बाजूच्या पाणथळात उतरली. पाठ दिसेनाशी झाली आणि वर थोडे बुडबुडे राहिले. नवऱ्याने जवळच्या झाडाच्या बुंध्यापासून पावलं मोजली. वर जाळी लावता आली तर बघावं म्हणून फाटकावरच्या कर्मचाऱ्यांना जागा सांगायची होती, ती सांगितली.

महामार्गाला लागेपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत होते. मग विचारलं, "पिल्लां कधी भायर येतली?"

"उन पडलं नीट, तर सप्टेंबरात."

ते थोडा वेळ गप्प बसले.

"माझा तिकीट पुढे ढकलूक येता काय बघ गो."